घराची किंमत कमी कशी करून घ्यायची? मालकाशी आणि बिल्डरशी बोलण्याआधी हे वाचा

९५ लाख सांगितलेला फ्लॅट ९० लाखांना मिळाला, तर किती पैसे वाचतात? ५ लाख, असं उत्तर चटकन येतं. पण घर कर्ज काढून घेत असाल, तर हिशोब वेगळा आहे.

डाऊन पेमेंट तेवढंच ठेवलं, तर हे ५ लाख थेट कर्जातून कमी होतात. ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या ५ लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे ४,३४० रुपये होतो. म्हणजे २० वर्षांत सुमारे १० लाख ४१ हजार रुपये. त्यावरची स्टॅम्प ड्युटी वेगळीच.

कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणारे आपण घराच्या वेळी मात्र 'थोडं कमी करा ना' एवढंच म्हणून थांबतो. घासाघीस करायची तर हातात आकडे लागतात. ते कुठून मिळवायचे, बोलायचं कसं आणि किंमत खूप खाली आणली तर काय अडचण येते, हे समजून घेऊ.

सांगितलेली किंमत येते कुठून?

जुनं घर विकणारा मालक किंमत ठरवताना बहुतेक वेळा शेजारच्या जाहिराती बघतो. त्या जाहिरातींमधले आकडेही कुणीतरी मागितलेलेच असतात. त्या किमतीला व्यवहार झालाय, असा त्याचा अर्थ नाही. त्यात मालकाने इंटिरिअरवर केलेला खर्च आणि 'कमी करायला जागा हवी' म्हणून वाढवलेली रक्कम मिसळते. म्हणजे तुम्ही भाव कमी करायला सांगणार, हे त्याने धरलेलंच असतं.

खरा भाव कसा शोधायचा?

महाराष्ट्रात घराचा व्यवहार नोंदवला की त्याची 'सूची क्रमांक २' तयार होते. बोलीभाषेत तिला इंडेक्स टू म्हणतात. त्यात मोबदला, म्हणजे ठरलेली किंमत, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' या सेवेत जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर टाकून तुम्ही ती शोधू शकता.

ज्या सोसायटीत घर बघताय, तिथले गेल्या वर्ष-दीड वर्षातले तीन-चार व्यवहार काढा. एकाच नोंदीवर विसंबू नका. काही व्यवहार नातेवाइकांमधले असतात, काहींमध्ये कागदावरची किंमत मुद्दाम कमी दाखवलेली असते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून मधला भाव धरा.

दुसरी गोष्ट कार्पेट एरियाची. 'साडेनऊशे स्क्वेअर फूट, १० हजार रेट' असं सांगितलं की ९५ लाख वाजवी वाटतात. पण हा बहुतेक वेळा सेलेबल एरिया असतो. आतली वापरायची जागा ६२० स्क्वेअर फूट असेल, तर खरा दर १५,३२३ रुपये पडतो. इंडेक्स टूमधल्या व्यवहारांचा दरही कार्पेटवरच काढा, मगच दोन्हींची तुलना करा.

समजा, त्या सोसायटीत कार्पेटचा दर १४,००० ते १४,४०० रुपये निघाला. म्हणजे या घराची किंमत साधारण ८६ लाख ८० हजार ते ८९ लाख ३० हजार होते. आता ९५ लाखांवर बोलायला तुमच्याकडे आधार आहे.

मालकाला घाई आहे का?

किंमत किती खाली येईल, हे बऱ्याचदा घरापेक्षा मालकाच्या परिस्थितीवर ठरतं. घर दाखवताना सहज विचारा: घर का विकताय? किती दिवसांपासून विकायला काढलंय? तुम्ही पुढे कुठे राहायला जाणार?

मालकाने दुसरं घर बुक केलं असेल, तर त्याला ठराविक तारखेपर्यंत पैसे हवे असतात. घर रिकामं असेल, तर मेंटेनन्स आणि कदाचित हप्ताही अंगावर पडत असतो. मालक परदेशात असेल, तर त्याला फेऱ्या मारायच्या नसतात. अशा वेळी 'आमचं कर्ज आधीच मंजूर आहे, महिन्याभरात रजिस्ट्रेशन करू' हे वाक्य लाखभर रुपयांचं काम करतं. म्हणून घर बघायला निघण्याआधी बँकेकडून कर्जाची प्राथमिक मंजुरी घेऊन ठेवा.

वडिलोपार्जित घर तीन-चार वारसांच्या नावावर असेल, तर मात्र जपून. एक भाऊ कमी किमतीला तयार झाला म्हणजे व्यवहार झाला असं नाही. सगळ्यांची संमती आणि सही लागते.

पहिला आकडा किती सांगायचा?

बोलणीला बसण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा.

• बाजाराचा भाव: वरच्या उदाहरणात ८७ ते ८९ लाख.
• तुमची वरची मर्यादा: समजा ८९ लाख. घर कितीही आवडलं तरी याच्या वर जायचं नाही.
• पहिली ऑफर: बाजाराच्या खालच्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. बाथरूमची गळती, जुनं वायरिंग, खिडक्या यांना अडीच लाख लागणार असतील, तर साधारण साडेचौऱ्याऐंशी लाख.

पहिली ऑफर कारणासह द्या. 'फार महाग सांगताय' म्हटलं की माणूस दुखावतो. 'काका, घर आम्हाला आवडलं. पण याच बिल्डिंगमध्ये नोंदवलेले व्यवहार कार्पेटला चौदा हजारांच्या आसपास आहेत. बाथरूमचं कामही करावं लागेल. म्हणून आम्ही साडेचौऱ्याऐंशीपर्यंत विचार केलाय' असं म्हटलं, तर बोलणं पुढे सरकतं.

नंतर वर जाताना पावलं लहान करत जा. आधी दोन लाख वाढवले, मग एक, मग पन्नास हजार, तर तुमची मर्यादा जवळ आली हे समोरच्याला कळतं. प्रत्येक वेळी बदल्यात काहीतरी मागा: 'एसी आणि कपाटं ठेवणार असाल, तर अजून पन्नास हजार वाढवतो.'

घर बघताना 'अगदी हवं तसंच आहे' असं मालकासमोर बोलू नका. घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

एजंट कुणाच्या बाजूने असतो?

एजंटचं कमिशन साधारण किमतीच्या १ ते २ टक्के असतं. ३ लाखांनी किंमत कमी झाली, तर १ टक्क्याच्या हिशोबाने त्याचे फक्त ३ हजार कमी होतात. व्यवहार फिसकटला तर मात्र सगळंच जातं. त्यामुळे त्याला किमतीपेक्षा व्यवहार होण्यात जास्त रस असतो. त्याच्याकडून निरोप जरूर पाठवा, पण तुमची वरची मर्यादा त्याला सांगू नका. ती समोरच्यापर्यंत पोहोचू शकते.

बिल्डरकडे घासाघीस होते का?

होते, पण वेगळ्या पद्धतीने. बिल्डर दर उघडपणे कमी करायला नाखूश असतो, कारण एकाला कमी दिला की इंडेक्स टूमध्ये तो इतरांनाही दिसतो. म्हणून तो 'स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून', 'मॉड्युलर किचन फ्री' अशा ऑफर देतो. गुढीपाडवा, दसरा, दिवाळीला अशा जाहिराती भरपूर दिसतात.

या ऑफरचा हिशोब करून बघा. पुण्यात ८० लाखांच्या घरावर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ५ लाख ६० हजार. हीच रक्कम करारातल्या किमतीतून कमी झाली, तर त्या ५ लाख ६० हजारांवरची ७ टक्के स्टॅम्प ड्युटी आणि बांधकाम सुरू असलेल्या घरावरचा ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६७ हजार वाचू शकतात. पण स्टॅम्प ड्युटी बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून भरावी लागते. हातात रोकड कमी असेल, तर पहिली ऑफरही सोयीची ठरू शकते.

दर हलत नसेल, तर फ्लोअर राईज, क्लब हाऊसचे पैसे आणि पेमेंटचं वेळापत्रक यावर बोला. उघडं पार्किंग रेरा कायद्यानुसार सामाईक जागेत मोडतं, ते बिल्डर वेगळं विकू शकत नाही.

जाण्याआधी महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्प शोधा. किती घरं बुक झाली आणि ताबा कधीचा लिहिलाय, हे तिथे कळतं. निम्मी घरं पडून असतील, तर 'दोनच फ्लॅट शिल्लक आहेत' या वाक्याला घाबरायचं कारण नाही.

किंमत फार खाली आणली तर?

सरकार दरवर्षी प्रत्येक भागाचे बाजारमूल्य दर ठरवतं. त्याला रेडी रेकनर म्हणतात. स्टॅम्प ड्युटी ही करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यापैकी जी जास्त असेल, तिच्यावर लागते.

गोष्ट इथेच संपत नाही. रेडी रेकनरची किंमत करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर कायद्यानुसार तो सगळा फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो.

उदाहरण बघा. रेडी रेकनरची किंमत ८० लाख आणि तुम्ही घर ७० लाखांना घेतलं. फरक १० लाख. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर सेससह ३ लाख १२ हजार कर. म्हणजे घर पडलं ७३ लाख १२ हजारांना. तेच घर ७३ लाखांना घेतलं असतं, तर फरक १० टक्क्यांच्या आत राहिला असता आणि हा कर लागलाच नसता. विकणाऱ्याचा भांडवली नफाही अशा वेळी ८० लाख धरूनच मोजला जातो.

म्हणून शेवटचा आकडा ठरवण्याआधी रेडी रेकनरची किंमत काढा. इमारत जुनी असेल तर त्यात घसाराही वजा होतो, त्यामुळे हिशोब वकील किंवा सीएकडून तपासून घ्या.

'थोडे कॅशमध्ये द्या, किंमत कमी करतो'

जुन्या घरांच्या व्यवहारात हे वाक्य अजूनही ऐकू येतं. यात सूट कमी आणि धोका जास्त आहे.

घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान तर आणखी थेट आहे. रोख दिलेल्या रकमेवर बँक कर्ज देत नाही. व्यवहार मोडला तर ती मागायला पुरावा नसतो. उद्या तुम्ही घर विकाल, तेव्हा खरेदीची किंमत कागदावर कमी दिसेल आणि नफ्यावरचा कर तुमच्याच अंगावर येईल.

किंमत ठरली, पुढे काय?

टोकन बँकेमार्फतच द्या आणि त्याच दिवशी लिहून घ्या:

• एकूण किंमत आणि त्यात पार्किंग, फर्निचर, एसी धरले आहेत का.
• सोसायटीची थकबाकी कोण भरणार.
• ट्रान्सफर प्रीमियम कोण देणार. महापालिका क्षेत्रात तो जास्तीत जास्त २५ हजार रुपये असू शकतो.
• कर्ज नामंजूर झालं किंवा कागदपत्रांत दोष निघाला, तर टोकन परत मिळणार.
• व्यवहार किती दिवसांत पूर्ण करायचा.

बिल्डरकडून घेत असाल, तर नोंदणीकृत करार होण्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे. हे पैसे किमतीतूनच जातात, त्यामुळे मालकाला आधीच सांगा. नाहीतर शेवटच्या दिवशी त्यावरूनच वाद होतात.

आणि जमलंच नाही तर?

मालक मर्यादेच्या खाली येत नसेल, तर तुमचा शेवटचा आकडा आणि फोन नंबर देऊन शांतपणे निघा. काही आठवड्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर फोन येऊ शकतो. आला नाही, तर दुसरी घरं बघत राहा. मात्र इंडेक्स टूपेक्षा लाख-दीड लाखाने महाग, पण कागदपत्रं स्वच्छ आणि भोगवटा प्रमाणपत्र असलेलं घर मिळत असेल, तर तेवढ्यासाठी अडून बसू नका. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर मिळालेली सूट पुढे कर्ज मिळवताना आणि घर विकताना महागात पडू शकते.