अंकांतून परतलेला सूर

मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून दक्षिणेकडे निघालेली गाडी तांबरम मागे टाकते आणि विसेक किलोमीटरांवर सिंगपेरुमाळकोइल नावाचे एक लहानसे स्थानक येते. मद्रास बीच ते तांबरम विजेच्या गाड्या १९३१ मध्येच धावू लागल्या होत्या. त्यापुढे मात्र तेव्हा वाफेच्या इंजिनाचेच राज्य होते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी याच मार्गाने पाँडिचेरीस निघालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ छातीत कळ येऊ लागल्यामुळे या स्थानकावर उतरले. फलाटावरच त्यांनी नमाज पढला, दरबारीच्या सुरांत ईश्वराला आळवले आणि तेथेच प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते विसावले.

गळा निमाला, उरल्या त्या ध्वनिमुद्रिका. १९०५ मधील त्यांचे गाणे भोंग्यासमोर गाऊन मुद्रित झालेले. १९३० नंतरचे ओडियनचे मुद्रण मायक्रोफोनवरचे. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे, एवढीच काय ती मुदत.

योगायोग असा, की त्याच १९३७ साली पॅरिसमध्ये ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यास एक विलक्षण कल्पना सुचली. दूरध्वनीच्या तारेत शिरणारी खरखर टाळायची, तर ध्वनीची लहर जशीच्या तशी न पाठविता तिची उंची क्षणोक्षणी मोजावी आणि केवळ ते आकडे पाठवावेत! १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा पाया हाच. तीत प्रत्येक सेकंदाला ४४,१०० मापे असतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते.

परंतु कान आकडे ऐकत नाहीत. आकड्यांची पुन्हा लहर करावी लागते आणि ते काम करणाऱ्या यंत्राला ‘डॅक’ म्हणतात. आरंभीच त्याच्या दोन तऱ्हा समोर आल्या. सोनीच्या पहिल्या यंत्रात १६ बिटांचा एकच डॅक डाव्या व उजव्या बाजूंना आळीपाळीने पुरवी. त्यामुळे एक बाजू दुसरीहून सेकंदाच्या ८८,२०० व्या भागाने मागे राही. फिलिप्सने १४ बिटांचे दोन स्वतंत्र डॅक घेतले आणि मापांची संख्या चौपट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० करून पायऱ्यांची उणीव भरून काढली. कागदावर १६ हा आकडा मोठा. पण नुसत्या आकड्यावरून यंत्राची प्रत ठरत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

मग खाँसाहेबांच्या गाण्यासाठी कोणता डॅक घ्यावा? जुन्या तबकडीची खरखर इतकी मोठी असते, की साध्या पण निर्दोष डॅकचा स्वतःचा दोष तिच्यापुढे नगण्य ठरतो. खरा निकाल आधीच लागलेला असतो: ध्वनीचे आकडे ज्या क्षणी केले, त्या क्षणी. सुई कोणती होती? तबकडी झिजलेली होती काय? ती किती वेगाने फिरत होती?

वेगाचेच उदाहरण घ्यावे. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ७९ फेऱ्यांनी फिरविली, तर सारे गाणे सव्वा टक्क्याहून किंचित अधिक वर चढते. ८१ भागिले ८० या प्रमाणश्रुतीच्या अंतराहूनही हे थोडे जास्तच. स्वरांची परस्पर अंतरे मोडत नाहीत, पण षड्ज हलतो, लय वाढते, गळ्याचा पोत पातळ होतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे गणित मांडीत होते, तेव्हा ज्यांनी त्यांना साहाय्य केले, त्याच गायकाचा षड्ज एका श्रुतीने ढळावा आणि कोणाच्या ध्यानीही येऊ नये, ही केवढी विपरीत गोष्ट!

ही चूक कोणताही डॅक सुधारीत नाही. त्याला मिळालेले आकडे तो इमानाने ध्वनीत उतरवितो. चुकलेले आकडेही तितक्याच इमानाने. म्हणून घरच्या श्रोत्याने महाग यंत्राच्या मागे लागण्यापूर्वी जाणत्या हातांनी, योग्य वेगाने उतरविलेली प्रत शोधावी, आणि संग्रह करणाऱ्यांनी मूळ तबकडी कधी टाकू नये. आकडे पुन्हा करता येतील. तांबरमच्या पलीकडे थांबलेला तो गळा मात्र पुन्हा मुद्रित होणार नाही.