गालिच्याखालचा पत्रा

मोटारीच्या छताला आपण टप म्हणतो. पुढे बॉनेट, मागे डिकी, चाकांवर मडगार्ड. ज्यावर आपण पाय ठेवून बसतो त्या भागाला मात्र धड नाव नाही. गॅरेजमध्ये त्याला ‘फ्लोअर’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘खालचा पत्रा’. गाडी ज्याची असते त्याने बहुतेक वेळा तो पाहिलेलाही नसतो, कारण त्यावर कारपेट असतं आणि कारपेटवर मॅट.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या १९८८च्या प्रीमियर पद्मिनीचं कारपेट बदलायला घेतलं. कुशनवाल्याने दोन दिवस सांगितले होते, लागले सात आठवडे. का लागले ते पुढे येईलच. पण सीटा काढलेली, उघडीबोडकी गाडी सात आठवडे समोर असली की माणसाला नको ते प्रश्न पडायला लागतात. मला पडलेला प्रश्न असा : मुळात मोटारीत गालिचा आला कुठून? पावसाचे, चिखलाचे बूट घेऊन जिथे पाय ठेवायचा, नेमका तिथेच गालिचा अंथरायचं कुणाच्या डोक्यात आलं?

उत्तर घोड्यांकडे जातं. सुरुवातीच्या श्रीमंती मोटारींचे सांगाडे कारखान्यात बनत आणि वरची बॉडी बग्ग्या बनवणारे कारागीर चढवत. बग्गीचे सगळे रिवाज त्यांनी मोटारीत आणले. मालक मागे, बंद खोलीत. ड्रायव्हर पुढे, बऱ्याचदा उघड्यावर. ड्रायव्हरच्या जागेवर ऊन-पाऊस यायचा, म्हणून तिथे चामड्याची सीट आणि पायाखाली रबर. मालकाच्या खोलीत लोकरीचं मऊ कापड आणि पायाखाली गालिचा. आज लेदर सीटसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो. त्या काळी चामडं नोकराच्या वाट्याला यायचं. गालिचा म्हणजे ‘या माणसाचे पाय चिखलाला लागत नाहीत’ याची जाहीर खूण होती. इंग्लंडमधल्या महागड्या गाड्यांत तर विल्टन नावाच्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा विणीचा लोकरी गालिचा असायचा. दिवाणखान्यात तोच, मोटारीतही तोच.

या गालिच्याखाली तेव्हा लाकूड होतं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पायाखालच्या फळ्या चक्क उचलून काढता यायच्या. गिअरचं काम करायचं तर फळ्या उचला आणि हात घाला. फळी कुजली तर सुताराकडे जा. खालची लोखंडी चौकट स्वतंत्र असल्यामुळे जमीन सडली म्हणून गाडी मरत नसे.

हे बदललं ते चौकटच काढून टाकण्याच्या कल्पनेमुळे. इटलीच्या लान्सिया लॅम्ब्डाने १९२२मध्ये आणि फ्रान्सच्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँने १९३४मध्ये दाखवून दिलं, की पत्राच नीट वळवून-जोडून बॉडी केली, तर वेगळ्या चौकटीची गरज उरत नाही. अंड्याचं कवच जसं आतल्या हाडांशिवाय उभं राहतं, तसं. गाडी हलकी होते, स्वस्त पडते. फियाटने १९५३मध्ये आणलेली नवी ११०० याच पद्धतीची होती. आमची पद्मिनी तिचीच नात.

आता यातली गोम बघा. अशा गाडीत जमीन ही नुसती जमीन राहत नाही, ती गाडीचा कणा होते. दारांखालचे उंबरे, मधून जाणारा बोगदा (पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून मधोमध शाफ्टसाठी उंचवटा) आणि सपाट पत्रा मिळून गाडीचं वजन पेलतात. शिवाय एवढा मोठा पातळ पत्रा ढोलासारखा वाजतो. तो गप्प बसावा म्हणून त्याला डांबरी पट्टे चिकटवायचे, वर जाड फेल्ट, त्यावर कारपेट. म्हणजे जो गालिचा एकेकाळी शेठजींच्या पायांसाठी आला, तो आता आवाज दाबायला आणि गाडीचा कणा झाकायला उरला. नेमका हा कणाच कुणाला दिसेनासा झाला.

ही इटालियन नात कुर्ल्यात कशी वाढली, ती गोष्ट थोडी माहीत असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी जहाजं काढली, बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला आणि १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. आधी क्रायस्लरशी करार झाला, कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. नंतर फियाट आली. ११०० डिलाइट १९६४मध्ये आली, मधे तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४पासून चितोडच्या राणीवरून पद्मिनी. इटलीत हे मॉडेल साठच्या दशकातच मोडीत निघालं. कुर्ल्यात ते सुमारे साडेतीन दशकं चाललं. परवान्यांच्या राज्यात लोकांना पर्याय नव्हता, हे खरंच. पण त्याचा एक फायदा असा झाला की त्या गाडीचा प्रत्येक नट मुंबईतल्या कारागिरांच्या हाताला पाठ झाला. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलंय.

तर आमच्या गाडीकडे. बाबांनी ती १९९४मध्ये सेकंडहँड घेतली. आम्ही तेव्हा कुर्ल्यालाच राहायचो, म्हणजे गाडी जिथे जन्मली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

पद्मिनीचं कारपेट काढायला फार अक्कल लागत नाही. पुढची सीट रुळांवर असते, तिचे बोल्ट सोडायचे. मागची बैठक उचलून काढायची. दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्यांचे स्क्रू काढायचे. यातले निम्मे गंजून बसलेले असतात, त्यांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवायचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असल्यामुळे मधे काही अडत नाही. मग कारपेट एका कोपऱ्यातून वर घ्यायचं. आमचं एकेकाळी तपकिरी असावं. ड्रायव्हरच्या टाचेखाली पार भोक पडलं होतं, तिथे बाबांनी कधीतरी रेक्झिनचा तुकडा शिवून घेतला होता.

कारपेटखाली फेल्ट. जवळून पाहिलं तर ते करडं नव्हतंच. त्यात लाल धागे, हिरवे धागे, मधेच एखादा चमकणारा जरीसारखा तंतू. हे शॉडी. जुने लोकरीचे कपडे फाडून, पिंजून, पुन्हा दाबून केलेलं कापड. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ या माणसाने १८१३मध्ये ही युक्ती काढली आणि त्यावर तिथली गिरण्यांची गावंच्या गावं जगली. आज या धंद्याचं आपल्याकडचं मोठं केंद्र पानिपत. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१च आठवतं, पण जगभरातले टाकून दिलेले स्वेटर आणि कोट आज तिथे येतात आणि त्यांची घोंगडी होऊन बाहेर पडतात. गाड्यांच्या फेल्टमध्येही अशाच चिंध्या जातात. आमच्या पायाखालची चिंधी कुठल्या देशातल्या कुणाच्या कोटाची होती, कोण सांगणार?

फेल्ट मात्र उचललं जाईना. सोल्यूशन लावून ते खाली पक्कं चिकटवलेलं होतं. पत्रीने खरवडत गेलो तसा खालून बारीक, कोरडा, राखाडी-काळा गाळ निघायला लागला. वास आला आणि बाबा, जे शेजारी खुर्ची टाकून बसले होते, एकदम म्हणाले, “मिठी.”

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वरून पाऊस, खालून समुद्राची भरती, आणि मधे मिठी नदी. कुर्ला-कलिना भागात पाणी पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत गेलं. आमची गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. नंतर इंजिनचं तेल तीनदा बदललं, सीटा गच्चीवर उन्हात वाळवल्या, कारपेट धुऊन परत टाकलं. गाडी सुरू झाली, पेढे वाटले. फेल्ट चिकटलेलं होतं म्हणून कुणी ते उचललं नाही. त्या दिवसांत गॅरेजबाहेर गाड्यांच्या रांगा होत्या. गाडी चालू झाली की मेकॅनिक पुढच्या गाडीकडे वळायचा.

पत्र्यात पाणी जायला भोकं असतात, त्यांना रबरी बुचं लावलेली असतात. बुचं काढली असती तर पाणी निघून गेलं असतं. पण ती फेल्टखाली. शॉडीने ते खारट पाणी धरून ठेवलं आणि पुढे दर पावसाळ्यात काचेच्या रबरातून झिरपणाऱ्या पाण्याने ते पुन्हा ओलं होत राहिलं. मीठ असलं की गंज दुप्पट उत्साहाने काम करतो. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो बिस्किटात शिरावा तसा शिरला. डाव्या उंबऱ्याची आतली बाजू तर हातात आली.

सात आठवडे लागले ते इथे. बाबांचं मत होतं, गाडी भंगारात द्यावी. त्यांचा मुद्दा साधा होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी, वर पर्यावरण कर. पुढची तपासणी २०२८मध्ये. सडलेल्या कण्याची गाडी घेऊन आरटीओत जायचं, की आताच सोडून द्यायची? ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हाच ते म्हणाले होते, “आता आपली कशाला?” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या गाडीत मागच्या सीटवर मी सरळ झोपायचो, एवढंच आठवत राहिलो. शेवटी पत्रेवाल्याला बोलावलं आणि त्याला एकच विचारलं : उंबऱ्याच्या बाहेरचा पत्रा आणि बोगदा ठीक आहे का? त्याने गाडीखाली झोपून, ठोकून, आवाज ऐकून सांगितलं, ठीक आहे. मग बाबाच म्हणाले, “कर मग नीट. अर्धवट करायचं असेल तर नको.”

सडलेला भाग कापून अठरा गेजच्या पत्र्याचे पॅच मारले. त्यावर रेड ऑक्साइड, सांध्यांत सीलर, खालून अंडरकोट. सगळी बुचं नवी, आणि यावेळी दिसतील अशी.

आता कारपेट. अमेरिकेत जुनी गाडी असेल तर वर्ष आणि मॉडेल सांगून साच्यात घडवलेलं कारपेट विकत मिळतं. बोगद्याचा उंचवटासुद्धा बरोबर बसतो. तिथे सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीच्या गाड्यांना रेयॉन-नायलॉनच्या बारीक वेढ्यांचं कारपेट, नंतरच्यांना कापलेल्या नायलॉनचं, इतकं काटेकोर चालतं. या धंद्याचा उगम जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावात, जिथे बायका घरी बसून कापडात धाग्यांचे गोंडे ओवून पलंगपोस करायच्या. ते काम यंत्रावर गेलं आणि त्यातूनच आजची कारपेटं आली. गंमत म्हणजे गोंडे ज्या कापडात ओवायचे ते बराच काळ बंगालच्या तागाचं असायचं. इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४मध्ये पॉलिप्रॉपिलीन घडवलं आणि सत्तरीपर्यंत त्याने तागाची ती बाजारपेठ गिळली. त्याच सुमाराला पूर्व बंगालात युद्ध पेटलं होतं, पुरवठ्याचा भरवसा नव्हता. ताग पाणी पितो आणि कुजतो. पॉलिप्रॉपिलीन पीत नाही. पत्र्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा बदल झाला ते बरंच झालं, तागवाल्यांचं वाईट वाटूनही.

पद्मिनीसाठी साच्यातलं कारपेट मला मिळालं नाही. सीएसटी रोडवरच्या दोन दुकानदारांनी सेव्हन-डी मॅट सुचवली : जाड, फुगीर, उंबऱ्यापर्यंत सगळं झाकणारी. वरून पाणी शिरत नाही, हे खरं. खाली शिरलेलं दिसतही नाही. मी नको म्हटलं.

कुशनवाले चाचा चाळीस वर्षं हेच करतायत. त्यांनी आमचं जुनं फेल्ट हातात घेऊन पिळल्यासारखं केलं आणि म्हणाले, “टॅक्सीवाला कभी कारपेट नहीं डालता था. इसलिए उसका पत्रा बचा.” टॅक्सीत नुसतं रबर किंवा लिनोलियम, रोज सकाळी बादलीभर पाणी मारायचं, फडक्याने पुसायचं. इंजिन थकलं, सीटा फाटल्या, छताला रंगीबेरंगी प्लास्टिक आलं आणि गेलं, पण जमीन उघडी असल्याने गंज दिसायचा आणि लगेच पॅच पडायचा. घरगुती गाड्यांनी गालिचा अंथरला, आणि त्याखाली सडत राहिल्या.

आम्ही मधला मार्ग काढला. जुनं कारपेट जमिनीवर पसरून त्याचा वर्तमानपत्रावर खाका काढला. बोगद्यासाठी तीन वेगळे तुकडे, कारण सपाट कापड उंचवट्यावर सुरकुत्या पाडतं. पॉलिप्रॉपिलीनचं पातळ कारपेट, तपकिरीच. कडांना गोट. खाली शॉडीऐवजी पाणी न पिणारा फोम, पण एकसंध नाही, उचलता येतील असे तुकडे. सोल्यूशन कुठेही लावायचं नाही, ही माझी अट. चाचांना ती पटायला वेळ लागला. त्यांच्या मते न चिकटवलेलं काम म्हणजे अर्धं काम. शेवटी त्यांनीच उपाय काढला आणि प्रत्येक तुकड्याला बॅगेला असतात तशी प्रेस-बटणं लावली.

आता जून ते सप्टेंबर दर रविवारी बाबा बटणं सोडतात, कारपेट गॅलरीच्या कठड्यावर टाकतात आणि टॉर्च घेऊन पत्रा बघतात. गेल्या आठवड्यात त्यांना मागच्या डाव्या बुचाजवळ दोन थेंब सापडले. त्यांनी बूच काढलं, फडक्याने पुसलं आणि मला फोटो पाठवला.