आयगरच्या पोटातली पाच मिनिटं

"अगं, डोंगर मग बघ, आधी चढ बघ!" स्वित्झर्लंडमधल्या क्लाइने शायडेकहून डोंगररेल्वेची गाडी सुटली तसे हे माझा दंड धरून म्हणाले. यांची सगळी नोकरी मध्य रेल्वेत गेली, त्यातली अकरा वर्षं लोणावळ्याला. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ असतो आणि त्यासाठी मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे लग्नानंतर पहिल्या महिन्यातच माझं पाठ झालं होतं. इथे तर काही ठिकाणी चार मीटरांमागे एक मीटर! रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे. गाडीखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत वर सरकतं.

सहलीच्या गटाबरोबर न जाता आम्ही दोघंच लाउटरब्रुनेनला मुक्कामाला राहिलो, ते या रेल्वेसाठीच. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटरवरचं स्टेशन युरोपातलं सर्वांत उंच. नऊ किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गापैकी सुमारे सात किलोमीटर बोगदा आहे, आयगर आणि मोंख या दोन शिखरांच्या पोटातून काढलेला.

ही कल्पना आडोल्फ गुयर-त्सेलर या झुरिकच्या कापड कारखानदाराची. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुलीबरोबर डोंगरात फिरताना त्याला ती सुचली. त्याच वर्षी क्लाइने शायडेकपर्यंत रेल्वे पोचली होती. तिथून पुढे उघड्यावर रूळ टाकले तर हिमप्रपात ते पुसून टाकणार, म्हणून त्याने डोंगराच्या आतून वाट आखली. काम १८९६ मध्ये सुरू झालं. अंदाज सात वर्षांचा होता, लागली सोळा. खुद्द गुयर-त्सेलर १८९९ मध्येच वारला.

पुरेसा पैसा नव्हता, म्हणून जेवढा मार्ग तयार होईल तेवढ्याची तिकिटं विकायला सुरुवात झाली. १८९८ मध्ये आयगरग्लेचर, १९०३ मध्ये आयगरवांट, १९०५ मध्ये आइसमेअर. आयगरवांटला प्रवासी उतरायचे, कड्याला पाडलेल्या झरोक्यांतून खालची दरी डोळे भरून पाहायचे आणि परत फिरायचे. त्याच झरोक्यांतून बोगद्यातला राडारोडा बाहेर ढकलला जात असे. एकीकडे लोक देखावा बघताहेत आणि पलीकडे सुरुंग लागताहेत, असं हे वर्षानुवर्षं चाललं. आज आपण ज्याला 'साइट-सीइंग' म्हणतो, त्याच्या तिकिटांवर हा बोगदा पुढे सरकला.

आत राबणारे बहुतेक इटालियन. आयगरग्लेचरला त्यांची वसाहत होती. हिवाळ्यात खालची वाट बंद व्हायची, म्हणून शिधा शरद ऋतूतच भरून ठेवत. १८९९ च्या फेब्रुवारीत एका स्फोटात सहा कामगार गेले. १९०८ मध्ये आयगरवांटजवळ साठवलेल्या डायनामाइटचाच स्फोट झाला. संप झाले, पैसे संपले, तरी काम पुढे चालू राहिलं. १ ऑगस्ट १९१२ ला, स्विस राष्ट्रीय दिनी, पहिली गाडी युंगफ्राउयोखला पोचली.

आमची गाडी आइसमेअरला पाच मिनिटं थांबली. सगळे काचेकडे धावले. हे मात्र मागेच थांबले आणि खडकावर हात फिरवत राहिले. "बोरघाटाचा ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला," ते म्हणाले, "पुढचं काम त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, तडीस नेलं. परक्या मुलखात." ही गोष्ट त्यांनी मला आधी कधीच सांगितली नव्हती. मी त्यांचा हात धरला.

वर आम्ही बर्फाच्या महालात घसरलो, एकमेकांना सावरत मोंखच्या बाजूला बर्फातून अर्धा तास चाललो. यांना धाप लागली तसं खाली बसलो. समोर आलेच हिमनदी, वीस किलोमीटरहून लांब. इतका मोठा शांतपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. बासष्टाव्या वर्षी हे सगळं आम्ही दोघांनी मिळून पाहिलं, याचा मला फार आनंद आहे.

परतताना एका भुयारी दालनात भिंतीवर पाट्या दिसल्या. या रेल्वेसाठी मेलेल्या तीस कामगारांची नावं आणि मृत्यूच्या तारखा. हे चष्मा लावून एकेक नाव वाचत होते. बोरघाटात हजारो माणसं गेली. त्यांच्या नावांची अशी भिंत आम्ही लोणावळ्यात किंवा कर्जतला कधी पाहिलेली नाही. तुम्ही युंगफ्राउयोखला जाल तेव्हा परतीची गाडी एक सोडा, पण त्या पाट्यांसमोर थांबून ती तीस नावं वाचा.