'फ्रान्सिस' (१९८२): चित्रपटात दाखवलेली लोबोटॉमी खरंच झाली होती का?

'फ्रान्सिस' हा १९८२ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चरित्रपट आहे. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये नाव कमावलेली आणि पुढे कित्येक वर्षं मनोरुग्णालयात काढावी लागलेली अभिनेत्री फ्रान्सिस फार्मर (१९१३–१९७०) हिच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. हा चित्रपट पाहिलेल्यांच्या मनातून शेवटाकडचा एक प्रसंग सहसा जात नाही. तो म्हणजे रुग्णालयात फ्रान्सिसच्या मेंदूवर केली जाणारी 'लोबोटॉमी' ही शस्त्रक्रिया.

प्रत्यक्षात तिच्यावर अशी शस्त्रक्रिया झाल्याचा पुरावा आजवर सापडलेला नाही. मग तिच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं आणि लोबोटॉमीची गोष्ट आली कुठून, हे समजून घेऊ.

चित्रपटाविषयी थोडक्यात

'फ्रान्सिस'चं दिग्दर्शन ग्रॅम क्लिफर्ड यांनी केलं. त्याआधी ते चित्रपट संकलक म्हणून ओळखले जात. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. निर्मिती मेल ब्रुक्स यांच्या 'ब्रुक्सफिल्म्स' या कंपनीची होती.

फ्रान्सिसची भूमिका जेसिका लँगने केली, तर तिची आई लिलियन हिची भूमिका किम स्टॅन्ली यांनी. दोघींनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच वर्षी लँगला 'टूट्सी'साठी सहाय्यक अभिनेत्रीचंही नामांकन होतं आणि तो पुरस्कार तिला मिळाला. सॅम शेपर्ड यांनी साकारलेला हॅरी यॉर्क हा फ्रान्सिसचा पाठीराखा आणि प्रियकर चित्रपटभर दिसतो. मात्र हे पात्र काल्पनिक आहे.

खरी फ्रान्सिस फार्मर कोण होती?

फ्रान्सिसचा जन्म १९ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहरात झाला. शाळेत असताना तिने देवाच्या अस्तित्वाविषयी शंका घेणारा निबंध लिहिला. त्याला राष्ट्रीय पातळीवरचं बक्षीस मिळालं आणि गावात गदारोळही झाला. १९३५ मध्ये एका डाव्या विचारांच्या वृत्तपत्राच्या स्पर्धेत जिंकलेल्या बक्षिसातून ती सोव्हिएत रशियाला गेली. रशियातली रंगभूमी पाहणं हा तिचा मुख्य हेतू होता. आईचा या प्रवासाला उघड विरोध होता.

त्याच वर्षी पॅरामाउंट स्टुडिओने तिच्याशी करार केला. १९३६ मध्ये 'कम अँड गेट इट' या चित्रपटात तिने आई आणि मुलगी अशी दुहेरी भूमिका केली. तिचं भरपूर कौतुक झालं. पण सुंदर चेहरा म्हणून मिरवण्यात तिला रस नव्हता. १९३७ मध्ये ती न्यूयॉर्कच्या 'ग्रुप थिएटर'मध्ये गेली आणि क्लिफर्ड ओडेट्स यांच्या 'गोल्डन बॉय' या नाटकात तिने काम केलं. पुढे नाटकातलं बस्तान मोडलं, लग्न मोडलं आणि दारू वाढत गेली. स्टुडिओशी तर तिचे खटके उडतच होते.

ती मनोरुग्णालयात कशी पोहोचली?

सुरुवात वाहतुकीच्या एका गुन्ह्यापासून झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये युद्धामुळे कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर रात्री दिवे मंद ठेवण्याचा नियम होता. फ्रान्सिस गाडीचे दिवे पूर्ण लावून जात असताना पोलिसांनी तिला अडवलं. ती दारू प्यायली होती आणि पोलिसांशी तिची बाचाबाची झाली. तिला दंड झाला, शिक्षा मात्र स्थगित राहिली.

दंडाची पूर्ण रक्कम तिने भरली नाही. जानेवारी १९४३ मध्ये हॉटेलच्या खोलीतून तिला पुन्हा अटक झाली. न्यायालयात तिने आरडाओरडा केला, झटापट झाली आणि त्याची छायाचित्रं देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. तुरुंगाऐवजी तिची रवानगी मनोरुग्ण विभागात झाली आणि तिथून एका खासगी उपचारगृहात. तिथे तिला इन्सुलिन शॉक देण्यात आला. या उपचाराला आपण संमती दिली नव्हती, असं कुटुंबीयांनी नंतर सांगितलं.

पुढे आई लिलियन हिने तिचं कायदेशीर पालकत्व मिळवलं आणि तिला सिएटलला नेलं. घरातली भांडणं विकोपाला गेली. मार्च १९४४ मध्ये तिला वॉशिंग्टन राज्यातल्या 'वेस्टर्न स्टेट हॉस्पिटल' या सरकारी मनोरुग्णालयात दाखल करण्यात आलं. तीन महिन्यांनी ती 'पूर्ण बरी' झाल्याचं सांगून तिला सोडलं. मे १९४५ मध्ये ती पुन्हा दाखल झाली आणि मधला थोडा काळ वगळता मार्च १९५० पर्यंत तिथेच राहिली.

म्हणजे जिची सुरुवात दिव्यांच्या नियमभंगाने झाली, ती साखळी सात वर्षांहून अधिक काळ चालली.

त्या काळी कोणते उपचार केले जात?

१९४०च्या दशकात गंभीर मानसिक आजारांवर आज वापरली जाणारी औषधं उपलब्ध नव्हती. अशा आजारांवरचं पहिलं परिणामकारक औषध क्लोरप्रोमाझिन हे अमेरिकेत १९५४ मध्ये आलं. तोवर सरकारी रुग्णालयांत रुग्णांची दाटी असे आणि शांत झालेला रुग्ण म्हणजे बरा झालेला रुग्ण, असं मानण्याकडे कल होता.

इन्सुलिन शॉकमध्ये रुग्णाला इन्सुलिनचा मोठा डोस देत. रक्तातली साखर एकदम खाली येऊन तो बेशुद्ध होई आणि नंतर ग्लुकोज देऊन त्याला शुद्धीवर आणत. यात जिवाला धोका होता. पुढे या पद्धतीचा खास उपयोग होत नसल्याचं दिसल्यावर ती मागे पडली.

विजेचे झटके देण्याची पद्धतही होती आणि फ्रान्सिसला ते दिले गेले. त्या काळी अनेक ठिकाणी ते भूल न देताच देत. ईसीटी या नावाने हा उपचार आजही तीव्र नैराश्यासारख्या आजारात वापरला जातो, पण भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन. त्यामुळे चित्रपटातलं दृश्य पाहून आजच्या उपचाराबद्दल मत बनवणं योग्य ठरणार नाही.

लोबोटॉमी म्हणजे काय?

मेंदूच्या पुढच्या भागाला इतर भागांशी जोडणारे तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेला लोबोटॉमी म्हणतात. पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांना या कामासाठी १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं. अमेरिकेत डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी १९४६ पासून तिची एक झटपट पद्धत रूढ केली. तीत डोळ्याच्या खोबणीतून टोकदार अवजार आत घालत. अनेक रुग्ण या शस्त्रक्रियेनंतर शांत होत, पण त्यांच्या इच्छा, भावना आणि विचारशक्तीही मंदावत. काहींचा मृत्यूही झाला.

फ्रीमन यांनी वेस्टर्न स्टेट हॉस्पिटललाही भेटी दिल्या आणि तिथे अशा शस्त्रक्रिया केल्या. फ्रान्सिस त्याच काळात तिथे होती. अफवेला आधार मिळाला तो इथेच.

मग फ्रान्सिसच्या लोबोटॉमीची गोष्ट आली कुठून?

१९७८ मध्ये विल्यम अरनॉल्ड या पत्रकाराचं 'शॅडोलँड' हे पुस्तक आलं. फ्रीमन यांनी फ्रान्सिसवर लोबोटॉमी केल्याचा दावा त्यात होता. चार वर्षांनी आलेल्या चित्रपटातही तेच दिसल्यावर अरनॉल्ड यांनी आपलं पुस्तक न विचारता वापरल्याबद्दल निर्मात्यांवर दावा लावला. खटल्यात 'शॅडोलँड'चा काही भाग काल्पनिक असल्याचं त्यांना मान्य करावं लागलं. दावा ते हरले.

रुग्णालयातल्या लोबोटॉमीच्या नोंदींत आणि फ्रीमन यांच्या कागदपत्रांत फ्रान्सिसचं नाव आढळत नाही. तिच्या बहिणीनेही ही शस्त्रक्रिया झाल्याचं नाकारलं.

फ्रान्सिसचं आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर, १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात रुग्णालयातल्या अत्याचारांची भयानक वर्णनं आहेत. मात्र त्याचा बराचसा मजकूर तिची मैत्रीण जीन रॅटक्लिफ यांनी लिहिला होता, त्यामुळे तेही जपूनच वाचावं लागतं.

सुटकेनंतर काय झालं?

चित्रपट संपतो तेव्हा फ्रान्सिस भावनाशून्य, हरवलेली दिसते. खरी फ्रान्सिस बाहेर आल्यावर सिएटलमधल्या एका मोठ्या हॉटेलात धुण्याचे कपडे निवडायचं काम करू लागली. १९३६ मध्ये 'कम अँड गेट इट'च्या वेळी याच हॉटेलात तिचा सत्कार झाला होता. आई आपल्याला परत दाखल करील, ही भीती तिच्या मनात होती. १९५३ मध्ये न्यायालयाकडून तिने आपले नागरी हक्क परत मिळवले.

१९५७ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली. १९५८ ते १९६४ अशी सहा वर्षं तिने इंडियानापोलिसच्या दूरचित्रवाणीवर चित्रपट सादर करण्याचा कार्यक्रम केला, पाहुण्यांच्या मुलाखती घेतल्या. १ ऑगस्ट १९७० रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला.

हा फरक महत्त्वाचा का आहे?

लोबोटॉमी झाली नव्हती म्हणून फ्रान्सिसवर अन्याय झाला नाही, असा अर्थ निघत नाही. तिचं पालकत्व दुसऱ्याच्या हाती गेलं, स्वतःच्या उपचाराबद्दल तिला बोलता आलं नाही आणि उमेदीची वर्षं बंद दारांआड गेली. एवढ्या गोष्टी नोंदींवरून कळतात आणि त्या पुरेशा गंभीर आहेत. त्यांत न घडलेली शस्त्रक्रिया मिसळली, की एक खोटं उघडं पडताच सगळंच खोटं होतं असं म्हणायला वाव मिळतो.

दुसरी बाजू स्वतः फ्रान्सिसची आहे. लोबोटॉमीच्या कथेत ती १९५० च्या आधीच संपलेली असते. प्रत्यक्षात ती त्यानंतर वीस वर्षं जगली, कोर्टात जाऊन आपले हक्क परत मिळवले आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. जेसिका लँग आणि किम स्टॅन्ली यांच्या अभिनयासाठी 'फ्रान्सिस' जरूर पाहावा, पण तिचं चरित्र म्हणून त्यावर विसंबू नये.