सूचीवांचून ग्रंथ

ग्रंथाच्या आरंभीं अनुक्रमणिका असावी, हें आपल्याकडे लेखक, प्रकाशक व वाचक या तिघांनाही मान्य आहे. परंतु ग्रंथाच्या अखेरीस सूचीही असावी, याविषयीं मात्र तिघेही सारखेच उदासीन आढळतात. अनुक्रमणिकेंत ग्रंथकाराच्या मनांतील क्रम असतो. सूची वाचकाच्या मनांतील प्रश्नाची सोय पाहते. म्हणूनच या उपेक्षित अंगाचा इतिहास येथें थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या पूर्वजांना अशा नोंदींचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. कात्यायनाच्या नांवावर असलेल्या सर्वानुक्रमणींत ऋग्वेदांतील प्रत्येक सूक्ताचें आरंभींचें पद, ऋचांची संख्या, ऋषि, देवता व छंद यांची नोंद आहे. परंतु पृष्ठांक देणारी सूची हस्तलिखितांच्या काळीं फारशी उपयोगी पडली नसती. कारण जें वचन एका पोथींत दहाव्या पानावर, तेंच दुसरींत बाराव्यावर. मुद्रणानें सर्व प्रती सारख्या केल्या, तेव्हां पृष्ठांकास खरा अर्थ आला.

मराठींत सूचीची योग्यता ओळखणाऱ्यांत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. नागपुरास ज्ञानकोशमंडळ स्थापून त्यांनीं १९२० ते १९२७ या काळांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढिले, आणि त्यांत सूचीस स्वतंत्र खंड दिला. कोश मुळांतच अकारविल्हे असतां निराळी सूची कशाला, असें कोणी म्हणेल. पण पहिले पांच प्रस्तावनाखंड विषयवार होते, आणि मोठ्या लेखांच्या पोटांत अनेक लहान विषय दडलेले असतात. त्यांना वर काढण्यास दुसरा मार्ग नव्हता. पुढें शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली. अशीं कामें त्या काळीं हातांनींच करावीं लागत. पुस्तकाची सूची करावयाची तर छापील फर्मे पुढें ठेवून चिठ्ठ्या लिहावयाच्या, त्या अक्षरक्रमानें लावावयाच्या आणि पुन्हां उतरावयाच्या. एक पान पुढेंमागें झालें तरी सारे आंकडे फिरत.

१९८५ सालीं पेजमेकर नांवाची आज्ञावली निघाली आणि पानजुळणीचें काम संगणकावर येऊं लागलें. सूची करण्याची सोयही पुढें अशा आज्ञावलींत आली. जुळणी करतांना शब्दावर खूण केली कीं यंत्र सर्व खुणा गोळा करतें, मुख्य नोंद, पोटनोंद व 'पहा' अशा निर्देशांसह त्यांची यादी लावतें, आणि मजकूर सरकला तरी पृष्ठांक सुधारून देतें. अक्षराचा आकार, पोटनोंदीचा समास, दोन स्तंभ हें सर्व एकदां ठरविलें म्हणजे पुरतें.

तथापि मराठीच्या वाटेंत दोन अडचणी उरल्या. पहिली वर्णक्रमाची. आरंभींच्या अनेक मराठी टंकांत आपलीं अक्षरें रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेलीं असत. त्यामुळें यंत्रानें लावलेला क्रम रोमन लिपीचा निघे. युनिकोडनें हा घोटाळा पुष्कळसा दूर केला. तरीही त्याच्या संकेतक्रमांत ळ हा वर्ण ल आणि व यांच्या मध्यें पडतो. आपल्या वर्णमालेंत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांना आपण शेवटीं बसवितों, संकेतक्रमांत ते क आणि ज यांच्या पोटीं जातात. यंत्रास मराठीचा नियम सांगितला नाहीं, तर वाचक 'ज्ञानकोश' हाच शब्द भलत्या ठिकाणीं शोधीत बसेल.

दुसरी अडचण याहून खोल आहे. नागपूर जिल्ह्यांतील नरखेडचेंच उदाहरण घेऊं. शब्दाच्या मध्यें व अंतीं येणारा आपला ड इंग्रजांच्या कानास र सारखा वाटे. म्हणून इंग्रजी लेखनांत उमरेडचें उमरेर झालें तसें नरखेडचें नरखेर झालें, आणि नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानकास तेंच नांव चिकटलें. रसेल यांच्या संपादनाखालीं १९०८ सालीं जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें, तेव्हां हें गांव काटोल तहसिलींत मोडत असे. निराळा तालुका पुढें झाला. गांवाचा इतिहास शोधणाऱ्यास नरखेड, नरखेर व काटोल अशा तिन्ही ठिकाणीं पाहावें लागतें. याच तालुक्यांतील मोवाड ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीच्या पुरानें उद्ध्वस्त झालें. एखाद्या लेखकानें नांव न घेतां 'वर्धेनें गिळलेलें गांव' एवढेंच लिहिलें, तर यंत्र शब्द शोधून थकेल, पण तें पान त्यास सांपडणार नाहीं. तेथें मोवाडची नोंद करणें हें जाणत्या वाचकाचेंच काम होय.

आज गांवोगांवचे इतिहास आणि घराण्यांचे कुलवृत्तांत हौसेनें छापले जातात. त्यांत आजोळच्या गांवाचा किंवा एखाद्या पणजीचा उल्लेख असूनही तो घरच्यांना सांपडत नाहीं, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. पूर्वी सूचीस महिने लागत, म्हणून ती टाळणें एकवेळ क्षम्य होतें. आतां आंकड्यांचें कष्ट यंत्रानें घेतले आहेत. राहिलें तें केवळ ग्रंथ लक्षपूर्वक वाचण्याचें काम. तेवढें प्रकाशकांनीं करवून घ्यावें, आणि पुस्तक विकत घेतांना वाचकांनीं शेवटचीं पानें उघडून पाहावीं, अशी आमची विनंति आहे.