रक्त सुधारलं, पण आजार गेला का?

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर फॉलिक अ‍ॅसिडचा, म्हणजे ‘ब-९’ जीवनसत्त्वाचा इतिहास जरूर वाचा. त्याची सुरुवात आपल्या परळमध्ये झाली.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार वस्त्यांतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये तेव्हा तीव्र रक्तक्षय दिसत होता. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. ‘पर्निशियस अ‍ॅनिमिया’तही नेमकं हेच दिसतं. मग आजार तोच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. विल्स यांनी मात्र या बायका काय खातात, ते तपासलं. हाफकिन संस्थेत उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क लागू पडला, आणि १९३१ मध्ये ते छापून आलं. पुढे असंही दिसलं, की पर्निशियस अ‍ॅनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क इथे चालत नाही. म्हणजे आजार दोन होते.

मार्माइटमधला तो घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. हे नाव १९४१ मध्ये पालकाच्या पानांवरून पडलं. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. मग डॉक्टरांनी ते पर्निशियस अ‍ॅनिमियालाही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं! पण मज्जातंतूंची हानी होतच राहिली, कारण खरी कमतरता ब-१२ ची होती. नुसतं रक्त मोजणाऱ्याला रुग्ण बरा वाटत होता.

याचा अर्थ गोळी वाईट, असा नाही हं. १९९१ च्या ब्रिटिश एमआरसी चाचणीत, आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. एरवी गर्भधारणेआधी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. प्रौढांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळ्यांतून दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. शाकाहारी आहारात ब-१२ कमी पडू शकतं, त्यामुळे हातापायांना मुंग्या येत असतील तर आधी ब-१२ तपासून घ्यावं.

आता तुमचा प्रस्ताव काढा. त्यात तुम्ही जे मोजणार आहात, ते सुधारलं आणि तरीही मूळ प्रश्न तसाच राहिला, असं होऊ शकतं का? होऊ शकत असेल, तर दुसरं काय मोजाल, तेही आत्ताच लिहून ठेवा.