रोजची मोटार की सणावाराची मोटार?



आपल्या स्मरणिकेसाठी या वर्षी इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह चिटणीसबाईंनी केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय सांगणार? परंतु घरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो आपणां बायकांना चांगला ठाऊक असतो. म्हणून मी एका वस्तूचा इतिहास निवडला आहे. ती वस्तू म्हणजे जुनी मोटार. पुष्कळ घरांत वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या वेळची मोटार अजून उभी आहे. ती रोज वापरावी, की झाकून ठेवून लग्नकार्यापुरतीच बाहेर काढावी, हा प्रश्न त्या घरांत निघतोच. वरवर पाहता हा पुरुषांचा विषय वाटेल. परंतु थोडा विचार केला तर हाच प्रश्न आपण पैठणीबद्दल, तांब्याच्या घंगाळाबद्दल आणि जात्याबद्दलही सोडवीत आलो आहोत.

जात्याचेच पाहा. आपल्या आजीच्या वेळी पहाटे घरोघरी जाते फिरत असे. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. आज ते बाहेर निघते ते लग्नात हळद दळण्यापुरते. त्याला सुपारी बांधतात, हळदकुंकू वाहतात. रोजचे दळण सुटले याचे कोणाही बाईला दुःख नाही, आणि नसावेही. परंतु त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट घडली. जात्याला टाकी लावणारे कारागीर गावोगाव फिरत, ते नाहीसे झाले. आता जाते आहे, पण त्याची पाळू गुळगुळीत झाली तर टाकी कोण लावणार? वस्तू सणाची झाली की तिचा मान वाढतो, पण तिला जाणणारे हात कमी होतात. हे ध्यानात ठेवून आता मोटारीकडे वळू.

आपल्या वर्धा जिल्ह्याला या बाबतीत एक मौजेची आठवण आहे. अमेरिकेतील हेन्री फोर्ड यांनी १९०८ ते १९२७ या काळात एकाच नमुन्याच्या दीड कोटींवर मोटारी बनविल्या, तेव्हापासून फोर्ड हे नाव जगभर पोचले. वर्ध्याला शेठ जमनालाल बजाज यांच्याकडेही फोर्ड होती. महात्माजी १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले; तेव्हा वर्ध्याहून तेथवर जाण्याचा रस्ता फार कच्चा होता. महादेवभाई देसाई तर कितीतरी दिवस वर्धा ते सेवाग्राम ही वाट पायीच जातयेत असत. अशा त्या काळात जमनालालजींच्या जुन्या फोर्डला इंजिनाऐवजी बैल जोडण्यात आले. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून तिला विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ हे नाव पडले! हसण्याजोगी गोष्ट खरी, पण तिच्यात शहाणपण आहे. मोटार जुनी झाली म्हणून ती शोभेला ठेवली नाही. तिच्याकडून होईल ते काम तिला दिले.

आता आपल्या देशात बनलेल्या मोटारीकडे येऊ. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. रावळगावचा साखर कारखाना त्यांनीच काढला. तेथल्या गोळ्या आपण सर्वांनी लहानपणी खाल्ल्या आहेत. हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात हा त्यांचा ध्यास होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईस कुर्ल्याला कारखाना उभारला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५० नंतरच्या दशकात फियाट अकराशे ही गाडी तेथे बनू लागली. वालचंद शेठ १९५३ साली वारले, त्यामुळे या गाडीचा भरभराटीचा काळ त्यांना दिसला नाही. १९७४ साली या गाडीला चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच जोडलेला, अंगाने आटोपशीर. एके काळी पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. २००० सालाच्या आसपास तिचे उत्पादन थांबले.

ही गाडी खरी नांदली ती मुंबईच्या टॅक्सीत. काळापिवळा रंग, डोक्यावर सामानाचे कठडे, आणि दिवसरात्र दोन पाळ्यांत धावणे. घरच्या गाडीपेक्षा ती कितीतरी अधिक चालली, तरी वर्षानुवर्षे टिकली. याचे कारण असे की तिच्यावर चालवणाऱ्याचे पोट होते. जरा आवाज बदलला की त्याला कळे, आणि गल्लोगल्ली तिचे मिस्त्री व सुटे भाग मिळत. परंतु रोजच्या कामालाही अंत असतो. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. पुष्कळांना हळहळ वाटली. पण शहरातील हवा आणि प्रवाशांची सुरक्षितता यांचाही विचार करणे भागच होते.

परदेशातही दोन्ही तऱ्हा दिसतात. क्यूबा नावाच्या बेटावर १९५९ साली क्रांती झाली. त्यानंतर अमेरिकेहून नव्या मोटारी येणे बंद पडले. तेथील लोकांनी आधीच्या मोटारी आजवर रोजच्या वापरात ठेवल्या. मात्र भाग मिळेनात म्हणून कित्येक गाड्यांत भलतीच इंजिने बसवावी लागली. वरचे अंग जुने, पोटातले सारे निराळे. याउलट इंग्लंडात १९०५ पूर्वीच्या मोटारी दर नोव्हेंबरात लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनपर्यंत चालवीत नेतात. आपल्याकडे दिल्लीस स्टेट्समन या वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. या गाड्या वर्षातून मोजकेच दिवस निघतात, पण अस्सल राहतात. एका ठिकाणी गाडी कामात राहिली पण मूळची उरली नाही. दुसऱ्या ठिकाणी मूळची उरली, पण कामाची राहिली नाही.

आपल्या सरकारनेही आता यात रेषा ओढली आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील आणि मूळ बांधणी न बदललेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची निराळी पाटी मिळते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. परंतु अशी नोंद केलेली गाडी नित्याच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती रस्त्यावर आणावी असा नियम आहे. ५० वर्षांखालच्या जुन्या गाडीला ही बंदी नाही. पण १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० करण्यात आले. हा आकडा घरखर्च चालविणाऱ्या बाईने लक्षात घेण्यासारखा आहे.

आता आमच्या घरचे सांगते. आमच्या मामंजींनी १९८८ सालची पद्मिनी जुनी म्हणून विकत घेतली होती. कापसाच्या हंगामात ते तिने वर्ध्यास जात, चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जात, आणि गल्लीत कोणी अडली बाळंतीण असेल तर रात्री-अपरात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवीत. माझी दोन्ही मुले त्याच गाडीतून घरी आली. उन्हाळ्यात आपल्याकडील उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन गाडी वाटेत बंद पडे. मग मामंजी पेट्रोलपंपाच्या भांड्यावर ओले फडके ठेवीत आणि दहा मिनिटे झाडाखाली बसत. त्याचा कोणाला त्रास वाटत नसे. २०१९ साली मामंजी वारले. त्यांची आठवण म्हणून ह्यांनी गाडी धुऊन, पुसून, ताडपत्री घालून ठेवली.

दोन वर्षांनी नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले. आजोबांच्या गाडीतूनच पाठवणी व्हावी असा तिचा हट्ट. ताडपत्री काढली तो काय? बॅटरी मेलेली, चाके एका बाजूने बसलेली, ब्रेक गंजून धरलेले, उंदरांनी तारा कुरतडलेल्या, आणि पेट्रोल आटून कार्बुरेटरच्या बारीक भोकांत चिकट राळ जमलेली. एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी मिस्त्रीकाकांनी तीन आठवडे काम केले. सणासाठी राखलेली वस्तू ऐन सणाला उपयोगी पडत नाही, हे तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिले. पोरगी मात्र आजोबांच्याच गाडीतून सासरी गेली.

जाताना काका मला म्हणाले, “वहिनी, हिला आठवड्यातून एकदा तासभर फिरवत जा. जागच्या जागी पाच मिनिटे सुरू करून बंद करू नका. इंजिन नीट तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरात पाणी धरते; त्यापेक्षा न लावलेली बरी.” पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते सुमारे २० टक्क्यांवर आले. इथेनॉल ओलावा ओढते आणि जुन्या तऱ्हेच्या रबराला मानवत नाही. त्यामुळे काकांनी पेट्रोलच्या नळ्या बदलून दिल्या, आणि टाकीत पेट्रोल फार दिवस पडू देऊ नका असे बजावले.

गेल्या वर्षी नोंदणीचा प्रश्न आला तेव्हा घरात तीन मते झाली. ह्यांचे मत, गाडी झाकूनच ठेवावी, मामंजींची वस्तू झिजू नये. थोरल्याचे मत, रोज नोकरीवर घेऊन जाईन. नागपूरच्या एका गृहस्थांनी तर वरातीला भाड्याने देण्यासाठी ती विकत मागितली. रक्कमही चांगली होती. त्या रकमेत धाकटीच्या शिक्षणाचे एक वर्ष सहज निघाले असते, म्हणून मलाही दोन रात्री झोप आली नाही.

शेवटी विचार केला तो असा. थोरल्याने रोज हमरस्त्याने जाणे मला पसंत नव्हते. आपल्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. तेथे गाड्या ताशी १२० किलोमीटरने धावतात. पद्मिनीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, धूरही आजच्या गाडीपेक्षा अधिक. तरण्याताठ्या मुलाचा जीव हा आठवणीपेक्षा मोठा. झाकून ठेवण्याचे फळ तर आम्ही पाहिलेच होते. आणि वरातीच्या धंद्यात ती नुसती फुलांची मखर झाली असती. म्हणून ठरले ते हे: धाकटीची फी पोस्टातील बचतीतून भरायची, गाडी विकायची नाही, आणि दर आठवड्याला सकाळी उन्हाआधी तिने केळझरला किंवा पवनारला जाऊन यायचे. थोरला दर रविवारी मिस्त्रीकाकांकडे बसून तिचे काम शिकतो. काकांचे वय झाले आहे, आणि त्यांच्यामागे ही गाडी जाणणारे फार थोडे आहेत. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे शिकणे.

आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवितात आणि मग तो बैल वर्षभर फळीवर राहतो. पण खरा पोळा आदल्या दिवशीचा. त्या दिवशी ज्या बैलाच्या खांद्याला आपण हळद-लोणी लावतो, तो खांदा वर्षभर जुवाखाली राबलेला असतो, म्हणून त्या पूजेला अर्थ आहे. जुनी वस्तूही अशीच सांभाळावी असे मला वाटते. रोज राबवून तिचा जीव घेऊ नये, आणि फळीवर ठेवून तिचे खेळणेही करू नये. तिला झेपेल एवढे काम नेमाने द्यावे.

म्हणून भगिनींना माझी विनंती आहे. घरातल्या पैठणीच्या घड्या वर्षातून दोन-तीनदा तरी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच फाटते. घंगाळ नुसते घासून मांडू नका, त्यात पाणी तापवा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ज्या वस्तूचे काम येते, ते काम त्यांचे हात चालत आहेत तोवर मुलामुलींना शिकवून घ्या. वस्तू बाजारात पुन्हा मिळेल, पण ती जाणणारी माणसे मिळणार नाहीत. आपले मंडळ हे काम मनावर घेईल तर पुढच्या वर्धापनदिनी अशा वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शन भरविता येईल. अट एवढीच की मांडलेली प्रत्येक वस्तू चालती असावी.